जांभ्याच्या भिंती, गावची अभ्यासिका आणि अ‍ॅक्सेस पॉइंटचं पान: मदत हवी

मलप्रभाकाठ · रविवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं आमचं गाव. जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत गावानं अभ्यासिका चालवली आहे. २२ पोरं-पोरी येतात. कुणी पोलीस भरतीला बसणार, कुणी केपीएससीला, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला. सगळ्यांचं अडतं ते कन्नडच्या पेपरपाशी, त्यामुळं व्हिडिओ बघून शिकणं आलंच. मोबाईलची रेंज मिळते ती शाळेच्या पायरीवर, आत एक दांडीही येत नाही.

गेल्या दिवाळीत फायबर आलं. त्याचा डबा आतल्या खोलीत भिंतीला लावलाय. बाहेरची मोठी खोली मात्र कोरडीच राहिली, कारण मधली भिंत जांभ्याची, दीड हात जाड. पुण्या-गोव्यात कामाला असलेल्या आमच्याच पोरांनी वर्गणी काढून छताला लावायचा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी चकती, पाठवला. वायरमननं तो मोठ्या खोलीत बसवून दिला, हिरवा दिवा लागला, आणि तो गेला. आता कंपनीच्या नावाचं नेटवर्क दिसतंय, त्याला पासवर्डच नाही. रस्त्यावरून जाणारा कुणीही जोडला जातोय.

मी निवृत्त शिक्षक. हे काम मला स्वतः शिकून करायचंय. मागं एकदा दुसऱ्या एका यंत्राचा पासवर्ड एकट्या माणसाला माहीत होता, तो कामाला परगावी गेला आणि आमचं यंत्र सहा महिने शोभेचं झालं. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

यंत्राच्या पाठीवर १९२.१६८.०.२५४ असा पत्ता लिहिलाय. पासवर्ड वगैरे घालायचं सेटिंगचं पान तिथं उघडतं म्हणे, पण लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये तो टाकला तर काहीच उघडत नाही. १९२.१६८.१.१ टाकलं तर फायबरच्या डब्याचं पान येतं. कुठं चुकतंय? कृपा करून मराठीतच सांगा. छापून भिंतीवर लावणार आहे.

तारायंत्र · रविवार, रात्री १०:०५

गुरुजी, तुमचं काही चुकलेलं नाही. पाठीवरचा पत्ता खरा आहे, पण अटीवर खरा आहे, आणि ती अट पाठीवर छापलेली नसते.

अ‍ॅक्सेस पॉइंट चालू झाला की आधी विचारतो, ‘इथं पत्ते वाटणारं कुणी आहे का?’ पत्ते वाटायच्या त्या कामाला डीएचसीपी म्हणतात आणि तुमच्याकडं ते काम फायबरचा डबा करतो. डब्यानं उत्तर दिलं की अ‍ॅक्सेस पॉइंट त्यानं दिलेला पत्ता घेतो, म्हणजे १९२.१६८.१ नं सुरू होणारा काहीतरी. कुणीच उत्तर दिलं नाही तरच तो पाठीवरच्या २५४ वर येऊन बसतो. तुम्ही जुन्या पत्त्यावर दार वाजवताय आणि तो भाड्यानं दुसरीकडं राहायला गेलाय.

शोधायची पद्धत: डब्याचं पान तुम्हाला उघडतंय, ते बरं झालं. त्यात शिरा. युजरनेम-पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतं. ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’ किंवा ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ नावाची यादी शोधा. त्यात प्रत्येक यंत्राचा मॅक अ‍ॅड्रेस दिसेल, म्हणजे यंत्राची ओळख सांगणारा बारा खुणांचा क्रमांक. अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पाठीवर तोच मॅक छापलेला असतो. दोन्ही जुळवा, समोर जो पत्ता असेल तो ब्राउझरमध्ये टाका.

दोन बारीक गोष्टी. पत्ता टाइप करताना कीबोर्ड इंग्रजी ठेवा, मराठी आकडे चालत नाहीत. आणि पत्त्याच्या आधी एचटीटीपी, कोलन (विसर्गासारखी दोन टिंबं), दोन तिरक्या रेघा हे सगळं टाका, नाहीतर काही ब्राउझर त्याचा शोध घ्यायला गूगलकडं जातात.

मागवाला_वडगाव · रविवार, रात्री १०:३१

फोनवरून करत असाल तर मोबाईल डेटा बंद करा गुरुजी. वायफायला पुढं इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि मग आतलं पान काही केल्या उघडत नाही. मी एक अख्खी दुपार यात घालवली होती.

मलप्रभाकाठ · सोमवार, संध्याकाळी ७:४८

सापडला!

यादीत ९ यंत्रं होती. पाठीवरचा मॅक वाचायला बाकावर स्टूल ठेवून चढावं लागलं. चकती फिरवून खाली काढली, आठवीतल्या पोरीनं बॅटरी धरली, मी एकेक अक्षर वाचलं आणि तिनं तळहातावर लिहून घेतलं. शेवटच्या सहा खुणा यादीतल्या सातव्या ओळीशी जुळल्या. पत्ता निघाला १९२.१६८.१.७.

पान उघडताना ब्राउझरनं लाल अक्षरांत ‘कनेक्शन खासगी नाही’ असं बजावलं. घाबरून बंद केलं. पुढं जाऊ का?

तारायंत्र · सोमवार, रात्री ८:१५

जा. बँकेच्या पानावर हा इशारा आला तर उलट्या पावली फिरायचं, पण इथं समोरचं यंत्र तुमच्याच छतावर आहे. त्याचं प्रमाणपत्र त्यानं स्वतःच बनवलेलं असतं, ब्राउझर ते ओळखत नाही, म्हणून तक्रार करतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा आणि पुढं चला. पत्ता मात्र १९२.१६८ नंच सुरू होतोय ना ते नीट बघून मगच.

आता आत गेल्यावर काय आधी आणि काय नंतर, ते सांगतो, कारण बहुतेक लोक वायफायचं नाव बदलायला आधी धावतात.

सगळ्यात आधी पानाचा पासवर्ड. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि या पानात शिरायचा पासवर्ड वेगळा, हे पोरांनाही समजावून सांगा. कारखान्यातून येताना या पानाच्या युजरनेम आणि पासवर्ड या दोन्ही रकान्यांत ‘अ‍ॅडमिन’ असतं आणि हे जगाला ठाऊक आहे. तो तसाच राहिला तर अभ्यासिकेत बसलेला कुणीही पान उघडून सगळ्यांना बाहेर काढू शकतो, किंवा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सोय) बदलून बँकेच्या पानाऐवजी भलतंच पान दाखवू शकतो.

मग फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला त्याला चालवणारा प्रोग्राम. कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यायचं, आणि स्टिकरवर मॉडेलच्या शेजारी आवृत्ती छापलेली असते, तिच्याशी जुळणारंच. नाव एकच असलं तरी आवृत्ती १ चं फर्मवेअर आवृत्ती ३ ला चालत नाही. हे करताना लाइट गेली तर यंत्र कायमचं बसू शकतं. इन्व्हर्टरवर करा, आणि लॅपटॉप वायरनं जोडून करा.

मग देश. ‘रीजन’ किंवा ‘कंट्री’ मध्ये भारत निवडा. कुठले चॅनल (वायफाय ज्या लहरींवर बोलतं त्या वाटा) वापरायचे आणि किती ताकदीनं, हे त्यावर ठरतं. आपल्याकडं २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा भाग २०१८ साली. परदेशातून आणलेल्या यंत्रात दुसराच देश राहून गेलेला असतो आणि मग आपल्या फोनला न दिसणाऱ्या चॅनलवर ते बोलत बसतं.

चौथं, त्याला कायमचा पत्ता द्या. आज ७ आहे, उद्या लाइट जाऊन आली की ११ असेल, परत स्टूलावर चढावं लागेल. डब्याच्या पानात डीएचसीपीची वाटणी २ ते २०० पर्यंत मर्यादित करा आणि अ‍ॅक्सेस पॉइंटला हातानं १९२.१६८.१.२५० द्या. मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे, म्हणजे बाहेर इंटरनेटकडं जायचं दार, १९२.१६८.१.१. सेव्ह केल्याबरोबर पान गोठेल. ते बिघडलेलं नाही, पत्ता बदललाय. नवा पत्ता टाकून परत शिरा.

हे चार झाले की मग नाव आणि वायफायचा पासवर्ड.

मागवाला_वडगाव · सोमवार, रात्री ९:०२

वरच्यांनी सांगितलंय ते बरोबरच. माझ्यासारखं कुणी नवा अ‍ॅक्सेस पॉइंट न घेता जुना राउटरच त्या कामाला लावत असेल, तर माझं ऐका.

आमचा मागांचा शेड घराच्या मागं आहे. पुढच्या खोलीत फायबर, मागं जुना राउटर. वायर आणली आणि राउटरच्या पाठीवरच्या निळ्या भोकात, म्हणजे वॅनमध्ये (बाहेरून नेट आत घ्यायचं भोक), खुपसली. नेट आलं. पण डिझाइनचा कॉम्प्युटर शेडात आणि प्रिंटर घरात, त्या दोघांची गाठच पडेना. राउटरनं मागं स्वतःचा वेगळा वाडा मांडला होता. मग कुणीतरी सांगितलं की वायर लॅनच्या, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या, भोकात घाल. घातली. दोघं एकमेकांना दिसायला लागले, पण दुसऱ्या दिवसापासून नवीनच सुरू झालं. सकाळी कामगार आले की कुणाच्या फोनवर नेट चाले, कुणाच्या नाही. वायफाय सगळ्यांना पूर्ण दिसायचं. ज्याचं चालत नव्हतं तो फोन बंद करून चालू करायचा, की त्याचं चाले आणि शेजाऱ्याचं बंद. आठ दिवस काढले असे.

शेवटी एका पोरानं दोन फोन शेजारी धरून दाखवले. चालणाऱ्याचा गेटवे १९२.१६८.१.१, न चालणाऱ्याचा १९२.१६८.०.१. घरात पत्ते वाटणारे दोघं झाले होते. जो आधी ‘ओ’ देईल त्याचा पत्ता फोन घेणार. जुना राउटर जवळ असल्यानं बऱ्याचदा तोच जिंकायचा, आणि त्याच्या वॅनला काहीच जोडलेलं नसल्यानं पुढं रस्ता बंद.

म्हणून जुना राउटर वापरायचा असेल तर आधी त्याच्या पानात शिरून त्याचा स्वतःचा पत्ता बदला, १९२.१६८.१.२ करा, मग डीएचसीपी बंद करा, मग वायर लॅनमध्ये घाला. क्रम चुकवू नका. ज्या राउटरात ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ आहे त्यात हे सगळं एका बटणावर होतं, पण जुन्यात नसतो.

निपाणीची_अक्का · सोमवार, रात्री ९:४०

मी ऑनलाइन कामांचं केंद्र चालवते. उतारे काढायचे, सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवरचे अर्ज भरायचे, सगळी गर्दी. माझं एकच सांगणं, गुरुजी: एका यंत्रावर दोन नेटवर्क तयार करा. बहुतेक अ‍ॅक्सेस पॉइंट एकाहून जास्त नावं देतात. एक कामाचं, त्यावर तुमचा लॅपटॉप आणि प्रिंटर. दुसरं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं. दुसऱ्यावर ‘आयसोलेशन’ किंवा ‘गेस्ट नेटवर्क’ टिक करा, म्हणजे एकाचा फोन दुसऱ्याच्या फोनला हात लावू शकत नाही.

ही टिक कामाच्या नेटवर्कवर चुकूनही करू नका. मी केली होती. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख, दारात चाळीस पोरं, आणि प्रिंटर सापडेना. प्रिंटर वायफायवर, कॉम्प्युटर वायफायवर, दोघं जोडलेले, आणि मध्ये भिंत मीच घातलेली. तीन पोरांना माझ्या पदरचं पेट्रोल घालून दुसऱ्या केंद्रावर पाठवलं.

मलप्रभाकाठ · मंगळवार, रात्री ८:३०

पासवर्ड, फर्मवेअर, देश, पत्ता, चारही झालं. दोन नेटवर्कही तयार करायला घेतली. पण नावाशी अडलोय.

माझ्या मनात नाव देवनागरीतच द्यायचं आहे. फोन उघडल्यावर पोरांना आपल्या अक्षरात ‘गावची अभ्यासिका’ दिसावं एवढीच इच्छा. पान मात्र म्हणतंय की ३२ अक्षरांपेक्षा जास्त झालं. मी मोजली. गा, व, ची, अ, भ्या, सि, का. सात होतात, मधली मोकळी जागा धरून आठ. यंत्राला मराठी मोजता येत नाही का?

तारायंत्र · मंगळवार, रात्री ९:१०

प्रश्न फार आवडला, गुरुजी. यंत्र अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. नावाला जागा ३२ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन लागतात, आणि खूण म्हणजे आपण उच्चारतो ते अक्षर नव्हे. काना वेगळी खूण, वेलांटी वेगळी, पाय मोडायचं चिन्हसुद्धा वेगळी.

‘अभ्यासिका’ फोडून बघा: अ, भ, हलन्त, य, काना, स, वेलांटी, क, काना. नऊ खुणा, २७ बाइट. ‘गावची’ मध्ये ग, काना, व, च, वेलांटी, पाच खुणा, १५ बाइट. मधल्या मोकळ्या जागेचा एक. एकूण ४३. ‘सार्वजनिक वाचनालय’ लिहिलं असतं तर ४९ झाले असते. कन्नड अक्षरांनाही हाच हिशेब.

नुसतं ‘अभ्यासिका’ ठेवा, पाच बाइट उरतात. तुमचं पान देवनागरी घेतंय हेच नशीब, कित्येक यंत्रं इंग्रजीपलीकडं काही घेत नाहीत. फार जुन्या फोनवर नावाऐवजी चौकोन दिसू शकतात, एखाद्या पोराचा तसा फोन असेल तर तपासून घ्या.

पासवर्ड मात्र देवनागरीत देऊ नका. तिथं नियम कडक आहे: इंग्रजी कीबोर्डवरच्याच खुणा, कमीत कमी ८, जास्तीत जास्त ६३. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, एकमेकांशी संबंध नसलेले चार. कोयता, पणती, ताक, डोंगर अशा धाटणीचे. पोरांना पाठ होतील आणि बाहेरच्याला ओळखता येणार नाहीत. गावाचं नाव आणि १२३ नको.

सिक्युरिटीच्या रकान्यात डब्ल्यूपीए२, एईएस. डब्ल्यूपीए३ हे २०१८ चं, चांगलं आहे, पण पोरांच्या हातातले जुने फोन त्याला जोडले जात नाहीत. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असं मिश्र असेल तर ते घ्या. यादीत ‘वेप’ दिसलं तर त्याकडं बघूही नका, ते २००१ सालीच फुटलंय. आणि ‘डब्ल्यूपीएस’ नावाचं आठ आकडी पिनचं प्रकरण असेल तर बंद.

उचगावकरीण · मंगळवार, रात्री ९:५५

सर, मी डिप्लोमाला आहे. नाव लपवून ठेवलं तर? ‘हाइड एसएसआयडी’ असतं ना. आणि मॅक फिल्टर लावून फक्त त्या २२ जणांचेच फोन आत घ्यायचे. पासवर्ड कुणी फोडला तरी उपयोग नाही.

तारायंत्र · मंगळवार, रात्री १०:२०

दोन्ही सुचायला बरोबर आहेत, करायला नाहीत. नाव लपवलं तरी हवेतलं बोलणं ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. उलट तुमचेच फोन जातील तिथं ‘अभ्यासिका आहे का, अभ्यासिका आहे का’ अशी हाळी देत फिरतात. मॅक फिल्टरचं म्हणाल तर अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक सांगतो. नेटवर्क काढून परत जोडलं किंवा फोन रीसेट केला की काही फोनांत तो बदलतो. गुरुजी रोज यादीच दुरुस्त करत बसतील. चांगला पासवर्ड, आणि वर्षातून दोनदा बदल, एवढं पुरेसं आहे.

उचगावकरीण · मंगळवार, रात्री १०:३४

कळलं. मग मला येतं ते सांगते, चॅनलचं. २.४ मध्ये १, ६, ११ हेच तीन घ्या, बाकीचे एकमेकांवर चढतात, कारण चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्‌झवर मांडलेत आणि प्रत्येकाला वीस लागतात. रुंदीही २० च ठेवा, ४० ठेवली की शेजारची सगळी जागा खाते. फायबरच्या डब्याचं वायफाय १ वर आणि छतावरचं ११ वर ठेवा. दोघांना नाव आणि पासवर्ड एकच द्या, म्हणजे आतल्या खोलीत गेल्यावर फोन आपणहून डब्याला जोडेल. जांभ्याची भिंत ५ गिगाहर्ट्‌झला जवळजवळ दारच लावते, आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी. आमचं घरही तसंच आहे.

५ मध्ये ३६ ते ४८ मधला एखादा घ्या. ५२ ते १४४ हे रडारबरोबर वाटून घेतलेले चॅनल आहेत. तिथं यंत्राला आधी मिनिटभर ऐकत बसावं लागतं, आणि रडारसारखं काही ऐकू आलं की जागा सोडावी लागते.

कणकुंबीकर · बुधवार, सकाळी ६:५०

पानातलं सगळं झालं असेल तर जरा पानाबाहेरचं बघा. आमच्याकडं शाळा आणि समाजमंदिर यांमध्ये चाळीस मीटर मोकळं अंगण. लॅनची वायर वरून ओढली होती, १०० मीटरच्या आत आहे म्हणून निर्धास्त. मे महिन्यातल्या पहिल्या वळवात जवळच्या माडावर वीज पडली. वायरीला शिवलीही नाही. तरी दोन्ही टोकांची भोकं मेली. यंत्र चालू दिसायचं, दिवा जळायचा, पान मात्र उघडायचं नाही. आम्ही पासवर्ड विसरलो असं समजून तीनदा रीसेट केलं.

दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर नको, फायबर टाका. टाकणं शक्य नसेल तर अर्थिंग केलेला सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि गडगडायला लागलं की दोन्ही टोकं काढून ठेवा. छतावरच्या चकतीला वीज पोहोचवणारा जो छोटा डबा असतो, पीओई इंजेक्टर, त्याच्या पीओई भोकाची वायर कधी लॅपटॉपला लावू नका. चांगले इंजेक्टर समोर कोण आहे ते ओळखून मगच वीज सोडतात, स्वस्तातले २४ व्होल्टवाले न विचारता सोडतात.

मलप्रभाकाठ · शुक्रवार, सकाळी ११:०५

सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. मोठ्या खोलीत सिग्नल उणे ४२, आतल्या खोलीत डब्याचा उणे ५० (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). फोनवर ‘अभ्यासिका’ उमटलं तेव्हा पोरं बाकावरून उठून बघायला आली. प्रत्येक फोनला २ एमबीपीएसची मर्यादा घातली, म्हणजे एकानं सिनेमा लावला तरी बाकीच्यांचा तास बुडत नाही.

पण एक कोडं पडलंय आणि आज ते माझ्या जिवाला लागलंय. पोरांनी रात्रभर रील बघत बसू नये म्हणून ‘शेड्यूलर’ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ वायफाय बंद ठेवलं. काल रात्री ११ वाजता बंद झालंच नाही. पहाटे भरतीची पोरं पळून येऊन चारला बसतात. त्यांच्यासाठी मी पाचला येतो. आज आलो तर सगळी दारात उभी. साडेचारपर्यंत वायफाय चालू होतं म्हणाली, मग गेलं. काही केल्या येईना. दोघींची सराव परीक्षा होती, ती हुकली. साडेदहाला आपोआप परत आलं. शेड्यूल तर मी ११ ते ५ असंच टाकलंय, चारदा बघितलं.

तारायंत्र · शुक्रवार, सकाळी ११:२०

गुरुजी, ११ आणि साडेचार. ५ आणि साडेदहा. दोन्हीत अंतर किती?

मलप्रभाकाठ · शुक्रवार, सकाळी ११:२६

साडेपाच तास. दोन्हीत.

अरे, म्हणजे यंत्राचं घड्याळ ग्रीनिचचं!

तारायंत्र · शुक्रवार, सकाळी ११:४०

अगदी. तुमच्या शिकवण्यातच बसलेलं उत्तर होतं. ‘सिस्टिम’ मध्ये ‘टाइम सेटिंग’ बघा, टाइम झोन अधिक ५:३० करा. नुसती वेळ हातानं बरोबर करून थांबू नका. या यंत्रांत घड्याळाला बॅटरी नसते, लाइट गेली की ते सगळं विसरतं. ‘एनटीपी’ सुरू करा, म्हणजे ते इंटरनेटवरून वेळ विचारून घेतं. आणि ‘अप्लाय’ नंतर कुठं वेगळं ‘सेव्ह’ आहे का तेही शोधा. काही यंत्रांत ते दाबलं नाही तर लाइट गेल्याबरोबर केलेलं सगळं पुसलं जातं.

निपाणीची_अक्का · शुक्रवार, दुपारी १:१५

त्या दोघींना माझ्याकडून सांगा गुरुजी, सराव परीक्षेचे जुने पेपर माझ्याकडं छापील आहेत. गठ्ठा बांधून खानापूरच्या गाडीनं पाठवते.

मागवाला_वडगाव · शुक्रवार, दुपारी २:००

आता शेवटचं काम राहिलं. बॅकअप. त्याच पानात ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ असतं. सगळ्या सेटिंगची एक छोटी फाइल मिळते. ती पेनड्राइव्हवर ठेवा. उद्या यंत्र जळालं आणि त्याच मॉडेलचं नवं आणलं, तर दहा मिनिटांत जसंच्या तसं उभं राहतं. पासवर्ड विसरलाच तर पाठीवरचं बारीक भोक टाचणीनं दहा सेकंद दाबायचं, पण मग सगळं कोरं होतं, तेव्हा ही फाइलच कामाला येते.

मलप्रभाकाठ · रविवार, संध्याकाळी ६:१०

टाइम झोन बदलला. एनटीपी चालू केलं. शुक्रवारी आणि काल रात्री बरोबर ११ ला बंद, पहाटे ५ ला चालू. पण चारला येणाऱ्यांचा विचार करून आता १० ते ४ केलंय.

काल संध्याकाळी सगळ्यांना बसवून पान मोठ्या पडद्यावर दाखवलं. पासवर्ड सोडून सगळं दाखवलं. मग दोघींना निवडलं, बॅटरी धरणारी आठवीतली आणि बी.कॉम. करणारी तिची मोठी बहीण. त्यांच्या हातून मी एकदा टाचणीनं सगळं कोरं करवलं आणि परत उभं करवलं. पहिल्या खेपेला ४० मिनिटं लागली, वाटेत डीएचसीपीची यादी कुठल्या पानावर आहे तेच सापडत नव्हतं. दुसऱ्या खेपेला फाइलवरून १२ मिनिटं. धाकटीनं मॅक अ‍ॅड्रेस आता तळहातावर न लिहिता अभ्यासिकेच्या वहीत लिहिलाय.

वहीतलं ते पान असं: यंत्राचा पत्ता १९२.१६८.१.२५०. डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१. पत्तेवाटप २ ते २०० आणि फक्त डब्याकडून. छतावरचं चॅनल ११ आणि ३६, डब्याचं १. वेळ अधिक ५:३०. फर्मवेअर बदलल्याची तारीख. खाली दोघींच्या सह्या. दोन्ही पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट कपाटात, कपाटाची एक किल्ली माझ्याकडं आणि एक मोठीकडं. पेनड्राइव्ह त्याच पाकिटात.

शेजारच्या गावच्या वाचनालयातही छताला लावायची अशीच एक चकती पेटीत पडून आहे म्हणे, त्यांच्याकडं पाठीवर पत्ता १९२.१६८.०.५० असा छापलाय. पुढच्या रविवारी आम्ही तिघं जाणार आहोत. काही वेगळं करावं लागेल का?

तारायंत्र · रविवार, संध्याकाळी ६:४५

कंपनी वेगळी असणार, काही डी-लिंक अ‍ॅक्सेस पॉइंट ५० वर बसतात. पेटीतला आहे तर रीसेट करून घ्या. तो प्रकार बहुधा पाठीवरच्या पत्त्यावरच थांबतो, डब्याकडं पत्ता मागायला जात नाही. म्हणून यादीत सापडणार नाही. लॅपटॉपला वायरनं थेट जोडा, इंजेक्टर असेल तर वायर त्याच्या लॅन भोकातून. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, त्याला हातानं १९२.१६८.०.१० पत्ता आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या, मग ५० उघडा. काम झालं की लॅपटॉपचा पत्ता परत ‘आपोआप’ वर न्यायला विसरू नका.

मलप्रभाकाठ · रविवार, संध्याकाळी ७:०२

धाकटीनं वहीत उतरवून घेतलं. टाचणी पण घेतली म्हणाली.